बांधावरची सोंगटी

अमरावती
८ ऑक्टोबर २०२५

गयासचाचा, सादर नमस्कार.

दर दिवाळीला तुमचं पोस्टकार्ड येतं आणि आई माझ्याकडून दोन ओळींचं उत्तर लिहून घेते. यंदा दिवाळीआधीच मी लिहिते आहे, आणि तेही आईला न सांगता. फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुमच्या नातीच्या, जेबाच्या तोंडून निरोप देण्यासारखी ही गोष्ट नाही.

गांधी जयंतीच्या ग्रामसभेत ठरलं, की आमच्या गावातून फौजेत गेलेल्या आणि परत न आलेल्या तिघांची नावं शाळेसमोरच्या दगडावर कोरायची. दोन नावं टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाली. तिसरं नाव बाबांचं. ते वाचल्याबरोबर वामनरावांचा नातू उठला. वामनराव तुमच्याच पलटणीत होते, एकाहत्तरच्या लढाईत बाबांचं प्रेत त्यांनाच सापडलं होतं. नातू म्हणाला, "देवीदास चौकीवर मेला नाही. चौकीच्या तीनशे पावलं मागं सापडला. पळून जाणाऱ्याचं नाव कशाला कोरता?" निर्णय सव्वीस जानेवारीच्या सभेवर ढकलला. आई पुढच्याच रांगेत बसली होती. ती पदर सावरून उठली आणि घरी जाऊन शेंगा निवडत बसली.

चाचा, मी बाबांना पाहिलेलं नाही. ते गेल्यावर दोन महिन्यांनी माझा जन्म. सरकारी कागदावर "लढाईत कामी आले" असं आहे, पण कागद दाखवून गावाचं तोंड बंद होत नाही.

सोबत एक नकाशा आणि पुठ्ठ्याच्या सोंगट्या पाठवते आहे. हसू नका. माझ्या लेकीनं, करिश्मानं, पुण्याहून एक खेळ आणला होता, पायदळाच्या लढाईचा. नकाशावर सहाकोनी घरं असतात, एक सोंगटी म्हणजे दहा जवानांची तुकडी, एक डाव म्हणजे दहा मिनिटांची लढाई. मी भूगोलाची मास्तरीण, म्हणून वामनराव सांगायचे त्यावरून आणि पलटणीच्या जुन्या पत्रावरून तुमची ती कालव्याच्या बांधावरची चौकी मी काढली. "दे" लिहिलेली सोंगटी बाबांची. लाल खूण केली आहे तिथं ते सापडले. मी एकटीनं ही लढाई तीस वेळा खेळले. बाबांची तुकडी बांध सोडून पळाली, की सहाव्या डावात बांध पडतोच. दर वेळी. आणि खरोखर तर बांध पडला नव्हता ना?

तुम्ही तिथं होता. माझ्याशी खेळाल?

तुमची,
पौर्णिमा

———

अकोला
१५ ऑक्टोबर २०२५

पौर्णिमा बेटा, सलाम अन् दुआ.

पार्सल भेटलं. जेबानं उघडलं अन् पाटीवर लिवलं, दादाअब्बा, तुमच्यासाठी लुडो आला. मले लय राग आला. लढाई का पुठ्ठ्यानं खेळाची चीज हाये? बांधून वापस पाठवून राहिलो होतो.

मंग नकाशा पाह्यला. काय बाप्पा मास्तरीण तू! कालवा तिरपा नव्हता, सीधा होता. बांबूचं बन डाव्या हाताले होतं, तू उजव्या हाताले काढलं. मागं तू गवत दाखवलं, तथी धानाचा चिखल होता, पिंडरीइतका. चिखलात सोंगटी एका डावात एकच घर चालली पायजे, दोन नाही. जेबाचा लाल पेन घेऊन म्या सारं दुरुस्त करून पाठवलं. तुह्या पोरांच्या पेपरावर तू लाल करते, आता तुह्या पेपरावर झालं.

बांध पडला नव्हता, हे खरं हाये.

खेळतो. पण फासा कोन टाकीन? मी अथी, तू तथी. म्या सव्वीस वर्स बाजार समितीच्या गेटवर चौकीदारी केली, म्हणून सुचलं. पेपरात रोज अकोला बाजाराची सोयाबीनची आवक येते. तारीख आधी ठरवाची, अन् त्या दिवशीच्या आकड्यातला शेवटचा अंक तो फासा. तुह्या पेपरात बी तेच अन् माह्या बी तेच. त्यात कोनाची लबाडी चालत नाही.

अजून एक कायदा पायजे. जखमी सोंगटीले बाजूच्या सोंगटीनं ओढत एक घर मागं न्याची सोय असली पायजे. हे तुह्या पुस्तकात नसीन तर लिवून घे.

आईले काई सांगू नोको.

गयासुद्दीन

———

अमरावती
२७ ऑक्टोबर २०२५

गयासचाचा, नमस्कार.

तुमची लाल शाई पाहून माझ्या वर्गातली पोरं आठवली, बिचारी! नकाशा नवा काढला आहे. चिखल घातल्याबरोबर सगळी लढाईच बदलली. आता बाबांची तुकडी मागं फिरली तर उघड्या चिखलात एकेक घर सरकत मरते. पळणारा माणूस तिकडे पळेल कशाला?

ओढून न्यायचा कायदा पुस्तकात नाही. तुम्ही म्हणता म्हणून लिहून घेतला, पण कोण कोणाला ओढणार, ते तुम्ही सांगितलं नाही.

शत्रू मी. माझ्या चार तुकड्या बांबूच्या बनातून निघाल्या, यंत्रबंदूक कालव्यापलीकडच्या वळणावर ठेवली. बांधाआडच्या सोंगटीला आठ, नऊ किंवा शून्य आलं तरच गोळी लागते, उघड्यावर चारच्या पुढं सगळं लागतं. दिवाळीची बाजाराची सुटी संपली की एक तारखेचा आकडा माझ्या गोळीला धरू, तीन तारखेचा तुमच्या.

आई बरी आहे. सभेपासून देवळात जात नाही, एवढंच. मंदिराच्या ओट्यावर बाया बसतात ना.

तुमची,
पौर्णिमा

———

अकोला
६ नोव्हेंबर २०२५

पौर्णिमा बेटा,

एक तारखेचा अंक दोन. तुही गोळी पाण्यात गेली. म्या उजवी तुकडी दोन घरं पुढं काढली अन् तुह्या बनातल्या पहिल्या सोंगटीवर मारलं. तीन तारखेचा अंक नऊ. उचल तुही सोंगटी अन् डब्ब्यात टाक.

सच सांगू? चार दिवस झाले, मी जेवतानी बी नकाशा बाजूले ठेवून राहिलो. जेबा खुणावते, दादाअब्बा, पोळी थंडी होते. तिले काय समजते. तुही चाल अशी हाये जशी त्यायची होती, अगदी तशीच. तुले कोनं शिकवली? वळणावर बंदूक त्यायनं बी तथीच लावली होती. तुह्या जागी मी असतो तर आता बांधावर तोफगोळा मागितला असता.

एक छोटी सोंगटी म्या घरीच कापली, त्याच्यावर "ग" लिवलं. तो मी. तवा मी रनर होतो, साहेबाचा हुकूम पायी घेऊन जात जाओ. ती "दे"च्या घरात ठेव.

गयासुद्दीन

———

अमरावती
१६ नोव्हेंबर २०२५

गयासचाचा,

म्हणजे तुम्ही त्या वेळी बाबांच्या शेजारी होता! चोपन्न वर्षांत एकाही पोस्टकार्डावर हे आलं नाही. आईला तुम्ही एवढंच सांगितलं होतं, की "भाऊ शूर होता." मला वाटायचं, तुम्ही चौकीच्या दुसऱ्या टोकाला असाल.

चाल लिहिते. तुम्ही म्हणालात तसा मी तोफगोळा मागितला. बांधावर, "दे"च्या घरात. बावीस तारखेचा आकडा. आठ, नऊ किंवा शून्य.

चाचा, खेळ संपायची वाट पाहू नका. काय झालं ते सांगा. मी तुमच्या मुलीसारखी आहे.

पौर्णिमा

———

अकोला
२४ नोव्हेंबर २०२५

पौर्णिमा बेटा,

बावीस तारखेची आवक ४,८७३. अंक तीन. गोळा मागच्या चिखलात फुटला, कोनालेच काई झालं नाही. "दे" बांधावर हाये, ठणठणीत हाये. "ग" बी हाये.

पुढची चाल कर. बाकीचं मंग पाहू. तब्येत बरी नाही, म्हणून थोडक्यात.

गयासुद्दीन

———

अमरावती
२९ नोव्हेंबर २०२५

गयासचाचा,

बावीस तारखेच्या बाजाराचा पेपर माझ्यासमोर आहे. आवक ४,८७८. अंक आठ.

आधी वाटलं, चष्म्याचा घोटाळा असेल. मग शाळेच्या वाचनालयातला पेपर पाहिला, शेजारच्यांचा पाहिला. सगळीकडे आठच. माझ्याही पेपरात तोच आकडा येतो, हे तुम्हालाच ठाऊक, युक्ती तुमचीच होती. मी पाहणार हे माहीत असून तुम्ही खोटं लिहिलंत.

जखमीला ओढून नेण्याचा कायदा तुम्ही मागून घेतला. आणि जखमी व्हायची वेळ आली तेव्हा आकडाच बदलला. चाचा, कोणी कोणाला ओढलं?

बाबांची सोंगटी मी जखमी म्हणून उलटी केलेली नाही. तुम्ही सांगेपर्यंत करणार नाही. सव्वीस जानेवारीला दोन महिने उरलेत.

पौर्णिमा

———

अकोला
२२ डिसेंबर २०२५

पौर्णिमा बेटा,

आकडा आठच होता. म्या चष्मा पुसून तीनदा पाह्यला. मंग तीन लिवलं. एक डाव तरी तो बांधावर बसून राहावा, असं वाटलं. पंच्याहत्तर वर्साचा म्हातारा अन् पुठ्ठ्यासाठी लबाडी केली. हास मले.

तीन हप्ते कागद समोर ठेवून बसलो. आता लिवतो. मधात थांबलो तर पुन्ना लिवनार नाही.

त्या दिवशी सकाळी नऊचा टाइम असीन. मी हुकूम घेऊन बांधावर गेलो: दुपारपर्यंत बांध सोडाचा नाही. तुह्या बापानं ऐकलं अन् हासला. म्हणे, "गयास, सोडून जाऊ कुठं? मागं तर सारा चिखल हाये." खिशातून पोस्टकार्ड काढून दाखवलं, तुह्या आईचं, गावच्या मास्तरनं लिवलेलं. म्हणे, पोरगी झाली तर पौर्णिमा नाव ठेवतो. ते नाव म्याच येऊन तुह्या आईले सांगितलं. तेवढंच सांगितलं.

मंग गोळा पडला. माहे कान तवाच गेले. उठून पाह्यलं तं देवीदासच्या पोटाले लागलं होतं. त्यानं हातानं खुणावलं, बंदूक दुसऱ्यानं धरली, अन् ती बंदूक दुपारपर्यंत थांबली नाही. म्हणून बांध राह्यला. म्या देवीदासच्या पट्ट्याले धरलं अन् मागच्या मलमपट्टीवाल्याकडे ओढत नेलं, चिखलातून. तो जड होता, माह्याहून वीतभर उंच. तीनशे पावलं म्या मोजली नाही, ती वामनरावानं मोजली. तो तथी पळत गेला नव्हता, बेटा. म्या नेला होता.

आता दुसरं. त्याचे ओठ हालून राहिले होते. माह्या तोंडाकडे पाहून एकच गोष्ट घडीघडी बोलून राहिला होता, अन् मले काहीच ऐकू येत नव्हतं. माह्या डोक्यात नुसती शिट्टी. "जा" म्हणत होता का "जाऊ नोको" म्हणत होता, मले आजपर्यंत माईत नाही. मंग समोरून गोळ्या आल्या, चिखल माह्या तोंडावर उडाला. मी पट्टा सोडला अन् पळालो.

देवीदास जिता होता.

हे म्या साहेबाले सांगितलं नाही. चार महिने दवाखान्यात होतो, तथी सांगितलं नाही. माही बायको बिल्कीस चाळीस वर्स माह्यासंग राह्यली अन् गेली, तिले सांगितलं नाही.

बहात्तर साली तुमच्या गावी आलो, तवा तू पाळण्यात होती. वापस जातानी स्टँडवर चार माणसं उभे होते. त्यायच्या तोंडाकडे पाहून मले समजलं का हे देवीदासचीच गोष्ट करून राहिले. कंडक्टरनं कागदावर लिवून दाखवलं: म्हणतात, तो पळताना मेला. मी दोन सबद बोललो असतो तर तथीच मिटलं असतं. पण मंग त्यायनं इचारलं असतं, तुले कसं माईत, अन् तू कुठं होता? म्हणून मी गाडीत जाऊन बसलो.

झालं. लिवलं.

गयासुद्दीन

———

अमरावती
३० डिसेंबर २०२५

गयासचाचा,

पळालात तुम्ही, आणि नाव लागलं बाबांना.

पत्र आल्यापासून हे एकच वाक्य डोक्यात आहे. आईला हळदीकुंकवाला बोलावणं येत नव्हतं, ते तरी लोक म्हणायचे की विधवा म्हणून. पण शाळेत मला "पळपुट्याची" म्हणायचे, चाचा. चौथीत असताना पंधरा ऑगस्टला झेंड्याला फुलं वाहायला शहिदाची मुलगी म्हणून मला उभं केलं आणि वामनरावांनी हेडमास्तरांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मग माझ्या हातातलं ताट दुसऱ्या मुलीला दिलं. तुमचं कार्ड त्या दिवाळीलाही आलं होतं. "पोरीले शिकवा" असं लिहिलं होतं.

तुम्ही एकवीस वर्षांचे होतात, कान गेलेले, डोळ्यांत चिखल. मी तिथं असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही. पळालात त्याचा मला राग नाही. स्टँडवर गाडीत जाऊन बसलात, त्याचा आहे. आणि तो जाईल असं वाटत नाही.

तरी एक सांगते. सभेला फक्त एवढंच कळायला हवं, की बाबांना मागं तुम्ही ओढून आणलं. तेवढं सही करून पाठवलंत तर काम होतं. ते जिवंत होते, हे लिहिलंच पाहिजे असं नाही. ते तुमच्या माझ्यात राहील. काय लिहायचं ते तुम्ही ठरवा.

आईला अजून सांगितलेलं नाही. काय सांगायचं, ते तुमच्या कागदावर आहे.

पौर्णिमा

———

अकोला
८ जानेवारी २०२६

पौर्णिमा,

सभेसाठी कागद सोबत हाये. जेबाले समोर बसवून लिवला, तिची गवाही घेतली. लिवतानी ती रडत होती, म्या रडू दिलं.

"मी, गयासुद्दीन, राहणार अकोला, माजी सैनिक, खरं सांगतो की लान्सनाईक देवीदास कालव्याच्या बांधावर हुकुमाप्रमाणे लढताना जखमी झाला. तो चौकी सोडून गेला नाही. त्याला तीनशे पावलं मागं मी ओढत आणलं. गोळीबार सुरू झाल्यावर मी त्याला जिवंत सोडून पळालो. पळणारा मी होतो. हे मी चोपन्न वर्षं लपवलं."

तू म्हणाली ते एक वाक्य काढता आलं असतं. म्या काढून पाह्यलं बी. मंग कागदावर मी बहादूर दिसून राहिलो, जखमी दोस्ताले ओढून आणणारा. देवीदासचं नाव धुतानी त्याच पाण्यात मी बी आंग धुवून घेतो का? नाही पोरी. सारंच वाच. मोठ्यानं वाच. आईसमोर वाच.

मी येणार नाही. तुमच्या गावच्या त्या स्टँडवर उतराची माही हिंमत नाही. माफी बी मागत नाही, मागाले तोंड नाही.

गयासुद्दीन

———

२८ जानेवारी २०२६

चाचा, आई सांगते आहे, मी फक्त लिहिते. मी एक शब्द बदलायचा नाही, असं तिनं बजावलं आहे. — पौर्णिमा

गयासभाऊ, पार्वताबाईचा रामराम.

तुमचा कागद पूर्णीनं सभेत वाचला. मधात तिनं कागद खाली ठेवला, मंग माणिकबाई सरपंचीन उठली अन् राह्यलेला तिनं वाचला. सारा वाचला, तुमी पळाले ते बी. वामनरावाचा नातू खाली पाहून राहिला होता. मंग हात वर करा म्हणलं, तवा पह्यला हात त्याचाच होता. घरी आला, पाया पडला. म्या त्याले चहा देला. त्याच्या आज्यानं पाह्यलं तेच सांगितलं, लेकराचा काय दोष.

आता माही गोष्ट आयका. ही पूर्णीले बी माईत नाही, आता लिवतानी तिले समजून राहिली.

त्यायचा फोटो म्या पेटीत ठेवला होता, तळाशी, लुगड्याखाली. पूर्णी लहानपणी इचारे, आई, बाबाचा फोटो भिंतीवर काहून नाही? मी म्हणो, काच फुटली. काच चांगली होती, भाऊ. गाव म्हणे, पळताना मेला, अन् म्या मानलं. मी भांडली नाही. कोनाले म्हणलं नाही का माहा नवरा असा नव्हता. लगनाले तीनच वर्स झाले होते, अन् त्यातले बी जास्त दिवस तो फौजेतच होता. मले वाटलं, भ्याला असंन, माणूस हाये. पोरीले पळपुट्याची म्हणत, तवा मी तिलेच मारो, का काहून गेली खेळाले म्हणून. रात्री मीच त्याच्यावर कडकड करो, का मराचंच होतं तं तथी बांधावर काहून नाही मेला.

तो तं बांधावरच होता.

तुमी त्याले चिखलात सोडलं तवा बंदुका चालून राहिल्या होत्या. मी घरात बसून सोडलं, चोपन्न वर्स, कोनी माह्यावर गोळी झाडत नव्हतं. तं मी तुमाले काय माफ करू? पूर्णीचा राग हाये. राहू द्या तिचा राग, तिचा हक्क हाये. माह्यावर बी हाये आता, पाहा कशी लिवून राहिली, नाक पुसत.

फोटो काढला. भिंतीवर लावला. मिशी होती त्यायले, मी भुलूनच गेली होती.

आठ तारखेले, रविवारी, दगडावर नाव बसवणार हायेत. सारे येतीन. पण त्यायच्यातल्या एकानंही त्याले पाह्यलं नाही, पूर्णीनं बी नाही. त्याले हासतानी पाह्यलेले आता तुमी अन् मी, दोघंच उरलो. दगडापाशी मी एकटी कशी उभी राहू? जेबाले संग घेऊन या. स्टँडवर मी येतो घ्याले. सकाळची गाडी धरा, म्हणजे ऊन व्हाच्या आत पोचता.

पार्वताबाई